चेन अमर असते, आणि इतर अफवा

गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांची कमतरता कधीच पडत नाही. मायलेज किती देते, रीसेल कशी आहे, रंग सिल्व्हर घे म्हणजे धूळ दिसत नाही, वगैरे वगैरे. त्यातला एखादा जाणकार मग आवाज जरा खाली आणून विचारतो, "बेल्ट आहे की चेन?" आपण म्हणतो, चेन. तो समाधानाने मान डोलावतो. "मग टेन्शन नाही. चेन कधी बदलावी लागत नाही."

हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय आणि इथे कॅलिफोर्नियातही ऐकलंय. भाषा वेगळी, पण श्रद्धा तीच. गंमत म्हणजे 'टेन्शन नाही' म्हणणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही की चेनचं सगळं दुखणं टेन्शनचंच असतं! त्या चेनला आधार देऊन सरळ रेषेत ठेवणारी प्लास्टिकची एक पट्टी असते, तिला गाईड म्हणतात. आज तिच्याबद्दल लिहायचंय. विषय जरा काळ्या हातांचा आहे, पण तुम्ही गाडी चालवत असाल (किंवा सर्व्हर), तर तुमचा त्याच्याशी संबंध आहे.

आधी थोडी उजळणी. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि वर कॅमशाफ्ट. पिस्टन खालच्याला जोडलेले, व्हॉल्व्ह वरच्याच्या ताब्यात. दोघांचा ताल जुळलाच पाहिजे, म्हणजे खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा बरोबर एक. हा ताल राखायचं काम टायमिंग चेन किंवा टायमिंग बेल्ट करतो. जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, क्रँकच्या जवळ असायचा, त्यामुळे चेन अगदी आखूड असायची. तिला कोणी धरून ठेवायची गरज नव्हती. पुढे कॅम डोक्यावर गेला, ज्याला ओव्हरहेड कॅम म्हणतात, आणि चेन लांब झाली. लांब चेन वेगात फिरताना फडफडते. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना गाईडच्या पट्ट्या आल्या, आणि ढिल्या बाजूला टेन्शनर आला. टेन्शनर म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा एक छोटा दट्ट्या, जो चेनला सतत आत ढकलत राहतो.

आता तुमची कॉलेजातली मोटरसायकल आठवा. तिची चेन ढिली पडते, महिन्या-दोन महिन्यांनी मागचं चाक थोडं सरकवून ताणून घ्यावी लागते, आणि शेवटी एक दिवस मेकॅनिक सांगतो की आता चेन-स्प्रॉकेटचा सेटच टाका. याचं कोणालाच आश्चर्य वाटत नाही. लोखंडाच्या पिना लोखंडाच्या भोकांत फिरतात, झिजतात, आणि प्रत्येक कडी केसभर लांब होते. मग तशीच चेन इंजिनाच्या झाकणाआड गेली की अमर कशी होते? तेलात बुडून चालते, धूळ लागत नाही, त्यामुळे आयुष्य कित्येक पटींनी वाढतं हे खरं. पण कित्येक पटींनी वाढणं वेगळं आणि अमर होणं वेगळं. झाकणामुळे एकच गोष्ट नक्की होते: झीज आपल्याला दिसायची बंद होते.

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे टोयोटाचं २२आर हे इंजिन. अमेरिकेत टोयोटाच्या त्या काळातल्या पिकअपला हायलक्स हे नाव नव्हतं, नुसतंच 'टोयोटा पिकअप' म्हणायचे. १९८१ पासून तिच्यात २२आर आलं आणि पुढे त्याचंच फ्युएल इंजेक्शनवालं रूप, २२आर-ई, १९९५ पर्यंत चाललं. चार सिलिंडर, २,३६६ सीसी, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड. ताकद बेताची, पण दीर्घायुष्याबद्दल ख्याती अशी की आजही माळीकाम करणारे, भंगार गोळा करणारे, घरं रंगवणारे लोक तीस-पस्तीस वर्षांच्या जुन्या पिकअप रोज कामाला काढतात. (२००३ मध्ये 'टॉप गियर' कार्यक्रमात एक हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, पाडायच्या इमारतीच्या छतावर ठेवली, आणि तरीही ती चालू झाली, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पण ती डिझेल होती, तिचं श्रेय २२आरला द्यायला नको.)

या इंजिनाच्या पहिल्या आवृत्तीत दुपदरी चेन होती आणि गाईडला धातूची पाठ होती. १९८३ च्या आसपास चेन एकपदरी झाली आणि गाईड प्लास्टिकचं. एकपदरी चेन हलकी, कमी घर्षणाची, स्वस्त. प्लास्टिकचं गाईड आवाज कमी करतं. कागदावर सगळं छान. आणि लाखभर मैल ते खरोखर छानच चालतं.

मग काय होतं ते ऐका. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो हे वर सांगितलं. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातला दाब ओसरतो. सकाळी किल्ली फिरवली की पहिले दोन-तीन सेकंद तेलाचा दाब तयार होत नाही, तेवढ्यात चेन मोकाट असते आणि गाईडवर फटके मारते. ताणाची बाजू ड्रायव्हरकडची, म्हणजे मार खाणारं गाईडही तिकडचंच. तेलात आणि उष्णतेत वर्षानुवर्षं राहून प्लास्टिक कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. चेनही लांबलेली असते. एका सकाळी गाईडचा तुकडा पडतो आणि खाली ऑइल पॅनमध्ये जाऊन बसतो. गाडी मात्र चालतच राहते! फक्त सुरू करताना 'खडखडखड' असा आवाज जरा जास्त वेळ येतो.

आता चेन आणि अॅल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरमध्ये कोणी उरलेलं नाही. चेन करवतीसारखी त्या कव्हरला घासायला लागते. आणि वॉटर पंप याच कव्हरवर बसवलेला असल्यामुळे त्या भिंतीपलीकडून कूलंट वाहत असतं. भिंत कापली गेली की कूलंट तेलात उतरतं. तेल ताकासारखं पांढरट होतं, बेअरिंगना वंगण मिळेनासं होतं, आणि अशाच अवस्थेत गाडी पळवत राहिलं तर जे इंजिन तीन लाख मैल सहज गेलं असतं ते एका पट्टीपायी भंगारात जातं. ज्याचं पोट त्या पिकअपवर आहे त्याच्यासाठी हा नुसता दुरुस्तीचा खर्च नसतो. गाडी उभी आहे तेवढे दिवस रोजगार बुडालेला असतो.

एवढं ऐकलं की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "प्लास्टिक कशाला वापरलं? लोखंडाचं टाकायला काय झालं होतं?" माझं मत इथे थोडं वेगळं आहे. चेनला टेकणारा पृष्ठभाग मऊच हवा. दोन कडक वस्तू घासल्या तर महागातली झिजेल, म्हणून स्वस्तातली मुद्दाम मऊ ठेवतात. ब्रेक पॅड याच कारणासाठी डिस्कपेक्षा मऊ असतो. बाजारात आज जी 'स्टीलची गाईड' म्हणून मिळतात त्यांची फक्त पाठ स्टीलची असते, तोंड मऊच असतं. ती मी सुद्धा बसवली आहेत, आणि बसवावीत असंच सांगेन. पण कारण नीट समजून घ्या. स्टीलच्या पाठीमुळे झीज थांबत नाही. फरक पडतो तो मोडण्याच्या पद्धतीत. अख्खी पट्टी तुटून पॅनमध्ये पडण्याऐवजी तोंड हळूहळू झिजतं आणि पाठ जागेवर उभी राहते. म्हणजे अचानक मरण्याऐवजी कुरकुर करत म्हातारं होण्याची सोय.

थोडक्यात प्लास्टिकवर माझा राग नाही. माझा राग आहे तो एका रिकाम्या ओळीवर. हेच पाहा ना, त्याच पिकअपला १९८८ पासून ३ लिटरचं व्ही-६ इंजिनही मिळायचं, आणि त्यात टायमिंग बेल्ट होता. तो बेल्ट साधारण ६० हजार मैलांना बदलायचा हे मालकांना आणि गॅरेजवाल्यांना पाठ असतं. लोक कुरकुरत का होईना, बदलतात. शेजारच्या चार सिलिंडरवाल्या गाडीत चेन, म्हणून तिच्या देखभालीच्या तक्त्यात त्या जागी काहीच नाही. तेल कधी, प्लग कधी, फिल्टर कधी, सगळं लिहिलेलं. गाईड कधी? गप्प. म्हणजे ज्या वस्तूला 'कमकुवत' म्हटलं तिची काळजी घेतली गेली, आणि जिला 'मजबूत' म्हटलं ती बेवारस राहिली.

आपल्या स्वयंपाकघरात हा घोळ नाही. प्रेशर कुकरची रबरी रिंग झिजते हे घरात सगळ्यांना माहीत असतं. ढिली झाली की वाफ कडेने जाते, शिटी होत नाही, आई म्हणते "रिंग गेली वाटतं", आणि कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून नवी येते. काही घरांत तर एक जादाची रिंग ड्रॉवरमध्ये पडलेलीच असते. त्यावर आणखी एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो तर वेळ आली की वितळून जाण्यासाठीच बनवलेला. झिजणारी वस्तू स्वस्त आहे, बाहेर आहे, हाताला लागते, आणि बिघडली की ओरडून सांगते. चेनच्या गाईडकडे यातला फक्त पहिला गुण आहे.

माझ्याकडे १९९० ची टू व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. आठवडाभर ती उभीच असते. तिची खरी कामं म्हणजे मित्रांचे सोफे हलवणं आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीचं मखर वाहून नेणं. घड्याळात १ लाख ७० हजार मैल. आधीच्या मालकाने बिलांची फाइल नीट जपून दिली होती, तीत टायर, क्लच, रेडिएटर सगळं होतं, चेनचं बिल नव्हतं. आवाज येत नव्हता. तरीही मी मागच्या उन्हाळ्यात दोन वीकेंड घालवून चेन, स्प्रॉकेट, टेन्शनर आणि दोन्ही गाईड बदलली. चारचौघांत हे सांगितल्यावर जी प्रतिक्रिया आली ती तुम्ही ओळखली असेलच: "चालतंय ना? मग कशाला हात लावलास? सुखाचा जीव दुःखात."

काम किती मोठं ते थोडक्यात सांगतो. कूलंट आणि तेल काढायचं. पंखा, रेडिएटर, बेल्ट बाजूला. वरचं व्हॉल्व्ह कव्हर काढायचं, डिस्ट्रिब्युटर काढायचा, कॅमचा स्प्रॉकेट सोडवायचा. खाली क्रँकची पुली, तिचा बोल्ट असा घट्ट की शेजारी येऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना. ऑइल पॅन उतरवायचा, कारण टायमिंग कव्हरची खालची कड त्याच्यावर बसते (फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पॅनच्या वाटेत पुढचा डिफरन्शियल येतो, म्हणजे दुप्पट व्यायाम). मग कव्हरचे बोल्ट. यात एक नग खास आहे. हेडच्या अगदी पुढच्या टोकाला, कॅमच्या स्प्रॉकेटसमोर तेलाचं एक छोटं डबकं साचतं, त्या डबक्याच्या तळाशी एक उभा बोल्ट आहे. तेल पुसल्याशिवाय तो दिसतच नाही. तो तसाच राहिला आणि कव्हर पहारीने उचकटायला गेलं की कव्हर फुटतं. हा बोल्ट जिथे आहे तिथे का आहे हे इंजिन समोर असलं की पटतं, पण त्याच्याइतकं चपखल दुसरं 'डॉक्युमेंटेशन नसलेलं फीचर' मी आजवर पाहिलेलं नाही.

कव्हर निघाल्यावर गाईड दिसलं. तुटलेलं नव्हतं. गडद तपकिरी झालेलं, चेनच्या दोन कडांनी पाडलेल्या दोन समांतर चऱ्या, आणि नखाने टिचकी मारली तर नव्या गाईडपेक्षा वेगळा, काचेसारखा आवाज. मी तिथेच बसून एक कच्चा हिशोब केला. सरासरी ताशी ४० मैल धरले तर १ लाख ७० हजार मैल म्हणजे ४,२५० तास. मिनिटाला २,००० फेरे धरले तर क्रँकचे ५१ कोटी फेरे! त्या पट्टीने ५१ कोटी फेऱ्यांची फडफड मुकाट्याने सोसली होती. नवा पूर्ण संच मला दीडशे डॉलरच्या आत मिळाला. त्यातल्या त्या पट्टीची किंमत दोन पिझ्झांपेक्षा जास्त नसेल. इथे गॅरेजची मजुरी महाग असते, म्हणजे हेच काम बाहेर करून घेतलं असतं तर पट्टीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे नुसते तिच्यापर्यंत पोहोचण्याचे झाले असते. सगळी गोची इथेच आहे: दोन पिझ्झांची वस्तू दोन वीकेंड खोल पुरून ठेवली आहे.

आता विरोधी बाजू. ती मला खरंच वजनदार वाटते, त्यामुळे ती नीट मांडतो.

'चालत्या गाडीला हात लावू नये' हे फक्त आळशी लोकांचं तत्त्वज्ञान नाही, त्यामागे अभ्यास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन हे कोस्टल कमांडच्या विमानांच्या देखभालीचा हिशोब बघत होते. त्यांना आढळलं की ठरलेल्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढतात आणि नंतर हळूहळू कमी होत जातात. म्हणजे उघडझाप करणं हेच दुखण्याचं एक कारण होतं. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ले नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला, विश्वासार्हतेच्या जगात तो आजही वाचला जातो. त्यांनी दाखवलं की विमानाच्या बहुतेक भागांचं बिघडणं वयावर अवलंबूनच नसतं. अशा भागांना 'इतक्या तासांनी बदला' असा नियम लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि वर नव्या चुकांना आमंत्रण. माझ्या कामातही हा धोका होताच. टायमिंग कव्हर हेड गॅस्केटच्या पुढच्या कडेला चिकटलेलं असतं, काढताना ती कड फाटली तर चांगल्या इंजिनाला नवं दुखणं लागतं.

मग मी तरी का उघडलं? कारण त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगायला लोक विसरतात. वयानुसार निश्चित झिजणारे भागही असतात, आणि ते बहुतेक साधे, एकाच कामाचे, घासणारे भाग असतात: टायर, ब्रेक. सर्किट बोर्ड कधी जाईल हे वयावरून सांगता येत नाही, पण टायर कधी जाईल हे येतं. चेनचं गाईड कोणत्या गटात बसतं हे सांगायला अहवाल लिहायची गरज नाही. ते टायरच्या गटातलं आहे, आणि आपण त्याला सर्किट बोर्डच्या गटात बसवलंय, निव्वळ ते दिसत नाही म्हणून.

शिवाय प्रश्न 'बदला किंवा बदलू नका' एवढ्यापुरताच नाही. अधली पायरी आहे: बघा. या इंजिनाचं व्हॉल्व्ह कव्हर काढायला तासभर पुरतो. आत बॅटरीचा झोत टाकला की चेनच्या बाजूचं गाईड उभं आहे की गायब, हे वरूनच दिसतं. लाखभर मैल झालेल्या गाडीच्या तक्त्यात 'झाकण उघडून गाईड पाहा' एवढी एक ओळ असती, तर किती इंजिनं वाचली असती! माझ्या गाडीचं गाईडही मी आधी असंच पाहिलं होतं. जागेवर होतं. पण वय ठाऊक, मैल ठाऊक, आणि बदलल्याची नोंद नाही, अशा वेळी जागेवर असणं पुरेसं नाही असं माझं मत आहे. ते दोन वीकेंड मला 'वाया' वाटत नाहीत ते यासाठीच. तुटलेलं गाईड बदलणं ही दुरुस्ती, न तुटलेलं बदलणं ही देखभाल. पहिलीचं कौतुक होतं, दुसरीला लोक हसतात. ऑफिसमध्येही रात्री तीनला उठून सर्व्हर उभा करणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि ज्याच्यामुळे तो पडलाच नाही त्याचं नाव कोणाला आठवत नाही.

ऑफिसचा विषय निघालाच आहे तर एक उदाहरण आमच्या धंद्यातलं. वेबसाइटच्या सुरक्षेसाठी जी सर्टिफिकेटं लागतात ती पूर्वी दोन-दोन, तीन-तीन वर्षांची घ्यायचे. सोय वाटायची. मग ज्याने बसवलं तो नोकरी सोडून गेलेला असायचा, आणि एका सोमवारी सकाळी सगळं बंद. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' सुरू झालं, त्यांनी मुदत ठेवली अवघी ९० दिवसांची. सुरुवातीला लोक वैतागले. पण मुदत इतकी कमी असली की हाताने बदलत बसणं परवडतच नाही, ते काम आपोआप होईल अशी व्यवस्था करावीच लागते. वस्तू कमी टिकाऊ केली आणि व्यवस्था जास्त टिकाऊ झाली. बेल्ट आणि चेनमध्ये मला नेमका हाच फरक दिसतो. बेल्टने स्वतःचं मरण आधीच जाहीर केलं, म्हणून त्याच्याभोवती शिस्त तयार झाली. चेनने मौन पाळलं, म्हणून तिच्याभोवती अफवा तयार झाली.

बेल्ट बरा आणि चेन वाईट असं मी म्हणत नाहीये. चेन चांगलीच आहे. पण 'लाइफटाइम' हा शब्द देखभालीच्या पुस्तकातून हद्दपार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाचा लाइफटाइम? वॉरंटीचा? पहिल्या मालकाचा? पहिला मालक पाच-सात वर्षांत गाडी विकून मोकळा होतो, त्याला चेन अमरच वाटणार. हिशोब तिसऱ्या मालकाच्या दारात येतो, आणि तिसरा मालक बहुतेक वेळा तोच असतो ज्याला तो हिशोब सगळ्यात कमी परवडतो. म्हणून ज्या वस्तूला घासून चालायचंय तिच्यापुढे एक आकडा हवा. तो आकडा चुकला तरी चालेल, दीड लाखाच्या जागी दोन लाख निघाला तरी हरकत नाही. रिकामी ओळ मात्र नको.

भारतातल्या वाचकांनी हे अमेरिकेतल्या जुन्या पिकअपचं पुराण म्हणून सोडून देऊ नये. १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल आठवतंय? आपल्याकडे ते पुण्याजवळ रांजणगावातही बनायचं, आणि स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि ते इथे बंद झालं. त्यातही चेनच होती. त्या सगळ्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि 'चेन आहे, बघायला नको' हे वाक्य त्यांच्या जाहिरातींबरोबर फिरतंय. आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांतही चेन असते. प्रत्येक इंजिनात २२आरसारखं होईल असं नाही, पण प्रत्येक चेनला गाईड आणि टेन्शनर हे दोन सोबती असतात आणि दोघांचं आयुष्य तेलावर अवलंबून असतं. तेल बदलायला उशीर झाला, पातळी खाली गेली, की आधी हेच उपाशी राहतात.

तेव्हा जुनी गाडी घेताना 'बेल्ट की चेन' विचारून थांबू नका. इंजिन पूर्ण थंड असताना या म्हणावं, आणि पहिली किल्ली तुम्ही स्वतः फिरवा, बॉनेट उघडं ठेवून. पहिले पाच सेकंद फक्त ऐका. (विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर तेही एक उत्तरच आहे.) मग तेलाच्या बिलांच्या तारखा बघा, आणि शेवटी विचारा, "गाईड कधी पाहिलं होतं?" समोरचा गोंधळेल. गोंधळू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर शोधावं लागेल.

माझ्या पिकअपचं काम झाल्यावर स्टार्टरला हात लावायच्या आधी मी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, खुणा पुन्हा जुळतायत ते पाहिलं, आणि मगच किल्ली मारली. झाल्यावर रंगाच्या पेनने व्हॉल्व्ह कव्हरवर तारीख, मैल आणि 'चेन व गाईड नवीन' असं लिहून ठेवलंय, इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीत. पुस्तकातली ओळ रिकामी होती, निदान गाडीवरची तरी भरली. पुढच्या मालकाला मराठी येणार नाही हे उघड आहे. पण पुढचा मालक कोणीतरी असणार हे धरून चालणं, एवढीच माझी देखभालीची व्याख्या आहे.

असो. भाद्रपद जवळ येतोय, आणि यंदा मखर गेल्या वर्षीपेक्षा दोन फूट उंच आहे म्हणे.